वही उघडा: क्रीडा महासंघांच्या पदाधिकाऱ्यांना खुले पत्र

माननीय अध्यक्ष, सचिव, खजिनदार आणि कार्यकारिणीचे सर्व सदस्य,

सप्रेम नमस्कार.

हे पत्र कुठल्या एका संघटनेला लिहिलेलं नाही. फुटबॉल असो, क्रिकेट असो, टेनिस असो की बास्केटबॉल, ज्या ज्या खेळात बायका खेळून पोट भरतात किंवा भरायची धडपड करतात, तिथे त्यांना किती पैसे द्यायचे हे ज्यांच्या सहीनं ठरतं, त्या सगळ्यांना हे पत्र आहे. मी स्वतः बरीच वर्षं खेळले आणि आता मुलींना शिकवते. मोठी खेळाडू नव्हते. माझं नाव तुमच्यापैकी कुणाला आठवायचं काही कारण नाही. पण एक दिवस मला अजून लख्ख आठवतो, आणि या पत्राचं मूळ त्या दिवसात आहे.

एका स्पर्धेत मुलींचा आणि मुलांचा अंतिम सामना एकाच दिवशी होता. आमचा सकाळी साडेसातला, मुलांचा संध्याकाळी, दिव्यांच्या उजेडात. आम्ही मैदानात उतरलो तेव्हा खुर्च्या एकावर एक रचून ठेवलेल्या होत्या. माइक अजून जोडलेला नव्हता. फळ्यावर आदल्या दिवशीच्या मुलांच्या सामन्याचे आकडे तसेच होते, ते आमच्याच एका राखीव मुलीनं हातानं पुसले. बघायला आले होते ते चार-पाच जणींचे घरचे आणि मैदानाची देखभाल करणारे काका. आम्ही जिंकलो. बक्षीस समारंभ मात्र संध्याकाळी, दोघांचा एकत्र, म्हणून दिवसभर थांबलो. रात्री पाकीट उघडलं तेव्हा कळलं, की आमची पहिल्या क्रमांकाची रक्कम मुलांच्या तिसऱ्या क्रमांकापेक्षाही कमी होती. मी धीर करून विचारायला गेले. आयोजकांपैकी एक गृहस्थ अगदी मायेनं म्हणाले, "अगं, तुमच्या मॅचला कुणी येतच नाही ना."

ते खोटं बोलत नव्हते. खरंच कुणी आलं नव्हतं. पण सकाळी साडेसातची वेळ कुणी ठरवली, हा प्रश्न त्यांना पडला नाही आणि त्या वयात मलाही सुचला नाही. आज सुचतो आहे, म्हणून तो तुम्हाला विचारते आहे.

समान मानधनाचा विषय निघाला की तुमच्याकडून एक उत्तर हमखास येतं. पुरुषांच्या खेळातून पैसा येतो, बायकांच्या खेळातून येत नाही. बाजार ठरवेल ते आम्ही देतो. हे उत्तर मी हलक्यात घेत नाही. संघटना चालवायला पैसा लागतो, तो कुठून तरी यावा लागतो, हे मला कळतं. माझं म्हणणं एवढंच आहे, की ज्याला तुम्ही बाजार म्हणता तो पावसासारखा आभाळातून पडलेला नाही. तो तुमच्याच खुर्च्यांवर तुमच्याआधी बसलेल्या लोकांनी ठराव करून घडवला, आणि आजही तुम्ही तो दर बैठकीत घडवत आहात.

इंग्लंडचंच उदाहरण घ्या. २६ डिसेंबर १९२० रोजी लिव्हरपूलच्या गुडिसन पार्कवर 'डिक, कर लेडीज' नावाच्या, कारखान्यातल्या कामगार मुलींच्या संघाचा सामना झाला. आत ५३ हजार प्रेक्षक होते, आणि जागा नाही म्हणून हजारो लोक बाहेरून परत गेले. वर्षही उलटलं नाही तोवर, ५ डिसेंबर १९२१ रोजी, इंग्लंडच्या फुटबॉल संघटनेनं ठराव केला: हा खेळ बायकांना योग्य नाही, संलग्न क्लबांनी त्यांना आपली मैदानं देऊ नयेत. ही बंदी जवळपास ५० वर्षं टिकली. ब्राझीलमध्ये १९४१ ते १९७९ बंदी होती, पश्चिम जर्मनीत १९५५ ते १९७०. म्हणजे ज्या काळात पुरुषांच्या फुटबॉलनं मैदानं बांधली, रेडिओ आणि मग टीव्ही मिळवला, बापाचा क्लब तोच पोराचा क्लब अशी पिढ्यांची निष्ठा कमावली, नेमक्या त्याच काळात बायकांना फाटकाबाहेर उभं केलेलं होतं. प्रेक्षक नव्हते म्हणून बंदी आली असं झालेलं नाही. प्रेक्षक होते, ते ठरावानं घालवले गेले.

पुढे १९९१ मध्ये फिफानं महिलांची पहिली विश्वचषक स्पर्धा भरवली, तेव्हा सामने ९० ऐवजी ८० मिनिटांचे ठेवले आणि स्पर्धेला विश्वचषक हे नावही सरळ दिलं नाही. त्याआधी २० वर्षं, १९७१ मध्ये, मेक्सिको सिटीच्या अझ्टेका मैदानावर फिफाच्या मान्यतेविना झालेल्या महिलांच्या स्पर्धेचा अंतिम सामना बघायला लाखभर माणसं आली होती. माणसांना बघायचं होतं. मान्यता द्यायची नव्हती ती कुणाला, हे तुम्हीच सांगा.

हा झाला इतिहास. तुम्ही म्हणाल, त्याचं खापर आमच्या डोक्यावर का? ठीक. मग आजच्या हिशेबावर येऊ, कारण माझी खरी तक्रार तिथे आहे.

बायकांच्या खेळातून किती पैसा येतो हे तुम्ही इतक्या खात्रीनं सांगता, पण तो मोजता कसा? अनेक ठिकाणी तो मोजलाच जात नाही. महिलांच्या स्पर्धेचे प्रक्षेपण हक्क पुरुषांच्या हक्कांसोबत एकाच गठ्ठ्यात विकले जातात. येणारी सगळी रक्कम पुरुषांच्या खात्यात पडते, आणि महिलांच्या रकान्यात शून्य किंवा शून्याच्या आसपासचा आकडा लिहिला जातो. मग तोच आकडा पुरावा म्हणून आमच्यासमोर धरला जातो. अमेरिकेच्या राष्ट्रीय फुटबॉल संघांचे हक्क वर्षानुवर्षं तिथल्या पुरुषांच्या व्यावसायिक लीगच्या हक्कांसोबत एकत्र विकले जात होते. त्यात जगज्जेत्या महिला संघाचा वाटा किती, हे छातीठोकपणे कोण सांगणार? फिफानंही महिला विश्वचषकाचे हक्क स्वतंत्रपणे विकायला काढले ते पहिल्यांदा २०२३ मध्ये. त्या स्पर्धेतून ५७ कोटी डॉलर आल्याचं फिफाच्याच अध्यक्षांनी सांगितलं.

गठ्ठा सोडवला की काय दिसतं याचा एक दाखला व्यावसायिक खेळातला नसून अमेरिकेतल्या कॉलेज बास्केटबॉलचा आहे, पण तो सांगितल्याशिवाय मला पुढे जाता येत नाही. मार्च २०२१ मध्ये महिलांच्या राष्ट्रीय स्पर्धेत आलेल्या एका खेळाडूनं मोबाइलवर व्हिडिओ काढला. भल्यामोठ्या हॉलमध्ये एका कोपऱ्यात डंबेल्सचा एक छोटा स्टँड आणि योगासनांच्या मॅट. हीच बायकांची व्यायामशाळा. पुरुषांना दिलेला हॉल यंत्रांनी आणि वजनांनी भरलेला. "जागा नव्हती" असा खुलासा आला, म्हणून तिनं कॅमेरा फिरवून रिकामा हॉल दाखवला. ओरड झाली, चौकशी बसली, आणि चौकशी करणाऱ्या वकिलांनी व्यायामशाळेवर न थांबता हिशेबाच्या वह्या काढल्या. महिलांची ही स्पर्धा आणखी २८ स्पर्धांसोबत एकाच करारात बांधून वर्षाला सुमारे साडेतीन कोटी डॉलरला दिलेली होती. चौकशी समितीच्या तज्ज्ञाचा अंदाज होता, की २०२५ पर्यंत एकट्या महिला बास्केटबॉलच्या हक्कांची वार्षिक किंमत ८ कोटी १० लाख ते ११ कोटी २० लाख डॉलर असू शकते. स्पर्धेचं प्रसिद्ध नाव आणि बोधचिन्ह वापरायची मुभासुद्धा तोवर फक्त पुरुषांच्या स्पर्धेला होती. तीन वर्षांनी, २०२४ मध्ये, महिलांचा अंतिम सामना अमेरिकेत सरासरी सुमारे १ कोटी ८९ लाख लोकांनी पाहिला. पुरुषांचा पाहिला १ कोटी ४८ लाख लोकांनी.

म्हणून माझी पहिली मागणी पगाराची नाही, वहीची आहे. महिलांच्या स्पर्धांचे हक्क वेगळे काढा, त्यांचं मूल्य बाहेरच्या, तुमच्याशी लागेबांधे नसलेल्या लेखापालाकडून ठरवून घ्या आणि तो आकडा जाहीर करा. आकडा लहान निघाला तर तो मान्य करायची माझी तयारी आहे. मोठा निघाला तर तुमचीही असावी.

दुसरं उत्तर असतं ताकदीचं. पुरुष जास्त जोरात धावतात, जास्त जोरात मारतात, म्हणून त्यांचं काम मोठं. अमेरिकेच्या फुटबॉल महासंघानं मार्च २०२० मध्ये हे न्यायालयात लेखी मांडलं. महिला संघानं ८ मार्च २०१९ रोजी वेतनातल्या भेदभावाबद्दल दावा लावला होता, त्याच वर्षी ७ जुलैला ल्योनमध्ये विश्वचषक जिंकला होता, आणि तेव्हा प्रेक्षागृहातून "इक्वल पे, इक्वल पे" असा घोष उठला होता. अशा संघाला त्याचाच महासंघ सांगत होता, की पुरुषांच्या कामाला जास्त कौशल्य लागतं. त्या आठवड्यात, ११ मार्चला, त्यांचा जपानशी सामना होता. सरावासाठी बाहेर आलेल्या खेळाडूंनी अंगातले जर्सी उलटे घातले होते. शिवण बाहेर, महासंघाचं चिन्ह आत. कापडातून फक्त चार तारे दिसत होते, चार विश्वचषकांचे, त्यांनी स्वतः जिंकलेले. राष्ट्रगीताला त्या तशाच उभ्या राहिल्या. दुसऱ्या दिवशी महासंघाच्या अध्यक्षांनी राजीनामा दिला.

ज्यानं कधी संघाचा जर्सी अंगात घातला आहे, त्याला हे उलटं घालणं म्हणजे काय ते वेगळं सांगायला नको. पहिल्यांदा मिळालेला जर्सी मी धुवायलासुद्धा कुणाच्या हाती दिला नव्हता. तेच चिन्ह छातीवर नको वाटावं, इथवर तुम्ही खेळाडूंना आणता.

त्या दाव्यातला एक भाग फार बोलका आहे. मे २०२० मध्ये न्यायाधीशांनी वेतनाचा मुद्दा फेटाळला. कारण दिलं, की दाव्याच्या काळात महिलांना प्रत्येक सामन्यामागे सरासरी २ लाख २० हजार डॉलर मिळाले आणि पुरुषांना २ लाख १२ हजार, म्हणजे महिलांनाच जास्त. आकडे खरे आहेत. पण त्याच काळात महिलांनी दोन विश्वचषक जिंकले होते आणि पुरुषांचा संघ २०१८ च्या विश्वचषकाला पात्रसुद्धा ठरला नव्हता. दोनदा जग जिंकावं तेव्हा कुठे न जिंकणाऱ्यांची बरोबरी व्हावी, याला समानता कसं म्हणायचं? खेळाडूंनी हार मानली नाही. फेब्रुवारी २०२२ मध्ये २ कोटी ४० लाख डॉलरची तडजोड झाली, आणि त्याच वर्षीच्या करारात दोन्ही संघांना सारखं मानधन आणि विश्वचषकातून येणाऱ्या बक्षिसाची एकत्र वाटणी मान्य झाली. पुरुष खेळाडूंनीही त्यावर सह्या केल्या. वाटणीचं कलम का लागलं ते आकड्यांतून कळतं: २०१८ चा पुरुषांचा विश्वचषक जिंकणाऱ्या फ्रान्सच्या महासंघाला फिफाकडून ३ कोटी ८० लाख डॉलर मिळाले, २०१९ चा महिलांचा जिंकणाऱ्या अमेरिकेला ४० लाख. २०२३ मध्ये महिलांची एकूण बक्षीस रक्कम ११ कोटींवर गेली, ही वाढ मोठी आहे, ती मी नाकारत नाही. आदल्या वर्षी पुरुषांची ४४ कोटी होती.

टेनिसमध्ये तिसरं उत्तर ऐकायला मिळतं: पुरुष पाच सेट खेळतात, बायका तीन. पण सेट किती खेळायचे हे खेळाडू ठरवत नाहीत, आयोजक ठरवतात. महिलांच्या वर्षअखेरच्या स्पर्धेचा अंतिम सामना १९८४ ते १९९८ पाच सेटचाच होता आणि त्या तो खेळत होत्या. शिवाय तिकीट काढणारा माणूस तास मोजून पैसे देत नाही. तसं असतं तर सरळ सेटमध्ये सामना संपवणाऱ्या विजेत्याचे पैसे कापावे लागले असते.

टेनिसचं मी मुद्दाम काढलं, कारण तिथे हा लढा सर्वांत आधी आणि सर्वांत चिकाटीनं लढला गेला. १९७० मध्ये लॉस एंजेलिसच्या एका स्पर्धेत पुरुष विजेत्याला १२,५०० डॉलर आणि महिला विजेतीला १,५०० डॉलर असं जाहीर झालं. बिली जीन किंग आणि तिच्या आठ सहकारी त्या स्पर्धेकडे पाठ फिरवून ह्यूस्टनला गेल्या आणि टेनिसचं मासिक चालवणाऱ्या ग्लॅडिस हेल्डमन यांच्याशी प्रत्येकी एक डॉलरचा करार केला. एक डॉलरची नोट हातात धरलेलं त्यांचं छायाचित्र तुम्ही पाहिलं असेल. संघटनेनं बंदी घालायची धमकी दिली होती. त्या तरी गेल्या, आणि तीन वर्षांत, १९७३ मध्ये, अमेरिकन ओपननं दोघांना सारखी रक्कम द्यायला सुरुवात केली. विम्बल्डनला त्यानंतर ३४ वर्षं लागली.

त्या ३४ वर्षांच्या शेवटाकडचा एक प्रसंग मला फार जवळचा वाटतो. २००५ च्या विम्बल्डनमध्ये अंतिम सामन्याच्या आदल्या दिवशी व्हीनस विल्यम्स ग्रँड स्लॅमच्या पदाधिकाऱ्यांच्या बैठकीत गेली. दुसऱ्या दिवशी अंतिम सामना असलेली खेळाडू! त्या वेळी माणूस कुणाशी बोलतसुद्धा नाही. तिनं तिथल्या सगळ्यांना डोळे मिटायला सांगितलं. मग म्हणाली, की आता शेजारी बसलेला माणूस पुरुष आहे की बाई, हे तुम्हाला नुसत्या हृदयाच्या ठोक्यांवरून सांगता येणार नाही. तुमच्या मुलींचा, बहिणींचा, बायकांचा विचार करा. दुसऱ्या दिवशी तिनं पावणेतीन तास झुंजून तो सामना जिंकला. २००६ मध्येही विम्बल्डननं रॉजर फेडररला ६ लाख ५५ हजार पौंड दिले आणि अमेली मॉरेस्मोला ६ लाख २५ हजार. तीस हजारांचा फरक. एवढ्या श्रीमंत स्पर्धेला तो पैशांसाठी ठेवायची गरज नव्हती. तो फरक ठेवला होता तो फरक आहे हे दिसावं म्हणून, असं मला तेव्हाही वाटलं आणि आजही वाटतं. २००७ मध्ये तो गेला, आणि त्या वर्षी समान रकमेचा पहिला धनादेश व्हीनसनंच घेतला.

आता तुमच्यापैकी काहीजण म्हणतील, आम्ही तर समानता दिली आहे. काहींनी खरोखर दिली आहे, आणि ते मी मनापासून लिहिते. जागतिक सर्फिंग लीगनं २०१९ पासून दोघांना सारखं बक्षीस सुरू केलं. त्याच्या आदल्या वर्षी दक्षिण आफ्रिकेतल्या एका स्पर्धेचं छायाचित्र जगभर फिरलं होतं. एक मुलगा आणि एक मुलगी शेजारी शेजारी उभे, दोघेही आपापल्या गटाचे विजेते, दोघांच्या हातात पुठ्ठ्याचे मोठाले धनादेश. त्याच्यावर ८ हजार रँड, तिच्यावर ४ हजार. लाटा त्याच, समुद्र तोच. आयसीसीनं २०२३ मध्ये दोघांच्या स्पर्धांना सारखी बक्षिसं देण्याचा निर्णय घेतला, आणि २०२५ च्या महिला विश्वचषकाची बक्षीस रक्कम तर २०२३ च्या पुरुषांच्या विश्वचषकाहून जास्त ठेवली. बोस्टन मॅरेथॉन १९८६ मध्ये पहिल्यांदा रोख बक्षिसं देऊ लागली ती पहिल्याच वर्षापासून समान. यातली कुठलीही स्पर्धा बुडाली नाही.

पण "समान" हा शब्द जाहीर झाला की त्याच्या मागचा कागद वाचावा लागतो. भारतीय क्रिकेट मंडळानं ऑक्टोबर २०२२ मध्ये दोन्ही संघांना सारखं सामना मानधन जाहीर केलं: कसोटीला १५ लाख रुपये, एकदिवसीय सामन्याला ६ लाख, टी-ट्वेंटीला ३ लाख. निर्णय चांगलाच होता. पण भारताच्या महिला संघाला नोव्हेंबर २०१४ नंतर थेट जून २०२१ पर्यंत एकही कसोटी खेळायला मिळाली नव्हती. सामनेच मोजके असतील तर सामन्यामागचं मानधन सारखं होऊन वर्षाची कमाई सारखी होत नाही. आणि वार्षिक करारांचं काय? २०२४-२५ च्या करारांत पुरुषांच्या सर्वोच्च श्रेणीला ७ कोटी होते, महिलांच्या सर्वोच्च श्रेणीला ५० लाख. खेळाडूला दुखापत झाली, सहा महिने घरी बसावं लागलं, तर तिचं घर चालतं ते या वार्षिक रकमेवर.

पैशाइतकीच परिस्थितीही मोजा. २०१५ चा महिला फुटबॉल विश्वचषक कॅनडात कृत्रिम गवतावर खेळवला गेला. पुरुषांचा एकही विश्वचषक अशा मैदानांवर झालेला नाही. त्या गवतावर घसरल्यावर पायांचं काय होतं, याचं सोलवटलेल्या, रक्ताळलेल्या नडग्यांचं छायाचित्र अमेरिकेची फुटबॉलपटू सिडनी लरू हिनं टाकलं होतं. खेळाडू तक्रार घेऊन मानवी हक्क न्यायाधिकरणाकडे गेल्या. वेळ निघून चालला म्हणून ती मागे घ्यावी लागली आणि त्याच गवतावर खेळावं लागलं. बाळंतपणाचंही तेच. आइसलंडची कर्णधार सारा ब्योर्क गुन्नर्सदोत्तिर गरोदर असताना तिच्या क्लबनं पूर्ण पगार दिला नाही. तिला फिफाच्या न्यायाधिकरणात जावं लागलं, तेव्हा ८२ हजार युरोंहून जास्त रक्कम देण्याचा आदेश निघाला. मी शिकवते त्यातल्या दोन मुलींनी, अतिशय गुणी मुलींनी, लग्नानंतर खेळ सोडला. त्यांच्या करारात या दिवसांसाठी एक ओळही नव्हती. त्यांना कुणी काढलं नाही, हे खरं. पण त्यांनी थांबावं अशी कुठली व्यवस्थाही कुणी केली नाही.

डायना टॉरासीची गोष्ट तुम्हाला ठाऊक असेल. अमेरिकेची ही थोर बास्केटबॉलपटू २०१५ चा डब्ल्यूएनबीएचा, म्हणजे तिथल्या महिलांच्या व्यावसायिक लीगचा, हंगाम खेळलीच नाही, कारण रशियातल्या तिच्या क्लबनं तिला उन्हाळाभर विश्रांती घेण्यासाठी पैसे दिले, आणि ते तिच्या मायदेशातल्या पगारापेक्षा जास्त होते. बायका दोन-दोन देशांत, बारा महिने, शरीर झिजवत खेळत होत्या, कारण एका हंगामाच्या पैशात भागत नव्हतं. २०२४ मध्ये त्या लीगमध्ये कॅटलिन क्लार्क आली, तिचे सामने बघायला माणसं लोटली, मोठी प्रेक्षागृहं घ्यावी लागली, आणि तिचा त्या वर्षीचा मूळ पगार ७६,५३५ डॉलर होता. जुलै २०२५ मध्ये त्या लीगच्या सगळ्या नामवंत खेळाडू "आमचं देणं द्या" अशा अर्थाचे शब्द छापलेले टी-शर्ट घालून मैदानात उतरल्या. नीट ऐका, त्या पुरुषांइतके पगार मागत नव्हत्या. उत्पन्नाचा जसा ठरलेला, साधारण निम्मा वाटा पुरुष खेळाडूंना मिळतो, तसा आपल्या उत्पन्नातला रास्त वाटा आपल्याला मिळावा, एवढंच त्यांचं म्हणणं होतं. ही मागणी तुमच्या बाजाराच्या नियमानंही चुकीची ठरत नाही.

आणि हे सगळं मागण्यासाठी खेळाडूंना काय पणाला लावावं लागतं ते बघा. नॉर्वेची फुटबॉलपटू आडा हेगरबर्ग महिलांना व्यवस्थित वागवलं जात नाही म्हणून २०१७ मध्ये राष्ट्रीय संघातून बाहेर पडली. २०१८ मध्ये जगातली सर्वोत्तम खेळाडू म्हणून गौरवली गेली आणि २०१९ चा विश्वचषक मात्र ती खेळली नाही. परतली ती २०२२ मध्ये. खेळाडूच्या आयुष्यात पाच वर्षं म्हणजे किती, हे मी तुम्हाला सांगायला हवं का? डेन्मार्कच्या मुलींनी २०१७ मध्ये करारासाठी विश्वचषक पात्रतेचा सामना सोडला. नायजेरियाच्या संघानं २०१६ मध्ये आफ्रिकेचं अजिंक्यपद जिंकलं आणि थकलेले पैसे मिळेपर्यंत अबूजाच्या हॉटेलातून हलणार नाही असं सांगून तिथेच ठाण मांडलं. त्यांना वाढीव काही नको होतं. कबूल केलेलंच हवं होतं.

२०२३ च्या विश्वचषकाच्या वेळी फिफाच्या अध्यक्षांनी बायकांना सांगितलं, की योग्य लढे निवडा, आम्हा पुरुषांना पटवून द्या, दारं उघडी आहेत, फक्त ढकला. मी त्यावर खूप विचार केला. १९७० पासून, खरं तर १९२१ पासून बायका ढकलतच आहेत. पटवून देण्याचं काम मैदानावर झालेलं आहे. बार्सिलोनाच्या कॅम्प नोऊवर एप्रिल २०२२ मध्ये महिलांच्या एका सामन्याला ९१,६४८ प्रेक्षक आले. मेलबर्नच्या मैदानावर ८ मार्च २०२० रोजी महिला टी-ट्वेंटी विश्वचषकाच्या अंतिम सामन्याला ८६,१७४. जुलै २०२२ मध्ये लंडनच्या वेम्बलीवर महिला युरो स्पर्धेच्या अंतिम सामन्याला ८७,१९२. ज्या देशात शंभर वर्षांपूर्वी ५३ हजारांना घरी पाठवलं होतं, तिथेच ही माणसं आली. अजून कुणाला काय पटवायचं राहिलं आहे?

माझ्या बाकीच्या मागण्या वहीतूनच निघतात. जे उत्पन्न महिलांच्या खेळाचं म्हणून ठरेल, त्यातला खेळाडूंचा वाटा पुरुषांच्या वाट्याइतक्याच टक्क्यांचा ठेवा. देशाकडून खेळताना मात्र टक्क्यांचीही गरज नाही; तिथे मानधन, प्रवास, राहणं, डॉक्टर, फिजिओ, मैदान सगळं एकसारखं हवं, कारण जर्सीवरचं चिन्ह एकच असतं. सामन्यांच्या वेळा ठरवताना महिलांचे सामने उरलेल्या वेळेत बसवू नका. आणि करार ठरतो त्या टेबलाशी खेळाडूंनी स्वतः निवडलेली प्रतिनिधी बसू दे, मताच्या अधिकारासह. नॉर्वेत २०१७ मध्ये राष्ट्रीय फुटबॉल संघांच्या समान मानधनाचा करार झाला तेव्हा पुरुष खेळाडूंनी आपल्या वाट्यातली काही रक्कम स्वतःहून सोडली होती. तुम्हाला वाटतं तितका विरोध तुमच्या पुरुष खेळाडूंकडून होणारही नाही. त्यांना विचारून तर बघा.

मी अनेक वर्षं बैठकांच्या नोटिसा वाचत आले आहे. महिलांचा विषय बहुतेक वेळा सगळ्यात शेवटी असतो, "अध्यक्षांच्या परवानगीने आयत्या वेळी येणारे विषय" या कलमात. तोवर चहा झालेला असतो, दोघे-तिघे उठलेले असतात, आणि "पुढच्या बैठकीत सविस्तर चर्चा करू" अशी नोंद होते. येत्या बैठकीत हा विषय पहिल्या तीन कलमांत घ्या, आणि नोटिशीसोबत महिलांच्या हक्कांचा वेगळा हिशेब जोडा. तो वाचून यायला सदस्यांना पुरेसे दिवस द्या. बैठक सकाळी साडेसातला ठेवलीत तरी मी येईन.

आपली,
एक माजी खेळाडू आणि मुलींची प्रशिक्षक